हायब्रिडचा खप आणि भाडेकरूचं सॉकेट



दर जानेवारी-फेब्रुवारीत गाड्यांच्या वार्षिक खपाचे आकडे बाहेर पडतात आणि पाठोपाठ रंगीत आलेख फिरायला लागतात. डावीकडून उजवीकडे चढत जाणारी रेघ, खाली वर्षं, वर मथळा : हायब्रिड आणि प्लग-इन गाड्यांची विक्री इतक्या इतक्या टक्क्यांनी वाढली. मग शनिवारच्या जेवणावळीत हमखास कोणीतरी म्हणतं, "सगळं जग तिकडे चाललंय, आपणच कशाला मागे राहायचं?"

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. ही रेघ बघून लोकांना कोणती गाडी आवडते ते कळत नाही. कर कधी बदलला, पेट्रोल कधी महागलं आणि गाडी उभी राहते तिथे कोणाकडे सॉकेट आहे, एवढंच तिच्यातून कळतं. त्यातलं सॉकेट आपल्यासारख्या भाड्याने राहणाऱ्यांना सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुठल्या आलेखात नसतं.

पहिली गोम नावातच आहे. "हायब्रिड आणि प्लग-इन" या एका टोपलीत तीन-चार वेगळी फळं असतात. एक साधी हायब्रिड : इंजिन आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद यांवर तिची छोटी बॅटरी भरते, भिंतीतल्या विजेशी तिचा संबंध नाही. दुसरी प्लग-इन हायब्रिड : बॅटरी मोठी, रोजच्या जाण्यायेण्याला पुरेल एवढी, पण ती बाहेरून भरायची आणि नाही भरली तर पेट्रोलवर चालवायची. तिसरी निव्वळ बॅटरीची. आणि चौथी, जिला मी हायब्रिड म्हणायलाच तयार नाही, ती माइल्ड हायब्रिड : थोडा मोठा स्टार्टर-जनरेटर, इंजिनाला जरासा हातभार आणि मागे एक चकचकीत बिल्ला. युरोपियन युनियनमध्ये २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत हायब्रिडचा वाटा ३०.९ टक्के होता, निव्वळ बॅटरीचा १३.६ आणि प्लग-इन हायब्रिडचा ७.१. त्या ३०.९ मध्ये माइल्ड हायब्रिडही मोजलेल्या आहेत. आपल्याकडे वाहन पोर्टलवर निदान 'पेट्रोल/हायब्रिड' आणि 'स्ट्राँग हायब्रिड ईव्ही' असे वेगळे रकाने आहेत. पण बातमी लिहिणारा रकाने बघत नाही, बेरीज बघतो.

आता पेट्रोलचं बघा. टोयोटाची प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये आली, अमेरिकेत २००० साली. २००७ साली अमेरिकेत सगळ्या मिळून सुमारे साडेतीन लाख हायब्रिड गाड्या खपल्या, २०१३ साली जवळपास पाच लाख. तोवर रेघ चढतीच होती. पण २०१६ साली ती पुन्हा साडेतीन लाखांच्या आसपास आली! मधल्या तीन वर्षांत हायब्रिडचं तंत्र बिघडलं नव्हतं, उलट सुधारलं होतं. फरक एवढाच की २०१३ साली तिथे पेट्रोल गॅलनला सरासरी साडेतीन डॉलर होतं आणि २०१६ साली सव्वादोनच्याही खाली. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना ते पिवळे स्टिकर आठवत असतील. ८५ हजार हायब्रिड गाड्यांना ते मिळाले होते आणि एकट्या ड्रायव्हरलाही कारपूलच्या लेनमधून जाता यायचं. स्टिकर असलेली जुनी प्रियस स्टिकर नसलेलीपेक्षा जास्त भावाने विकली जायची. म्हणजे लोक लेन विकत घेत होते आणि प्रियस त्याच्यासोबत येत होती. जुलै २०११ मध्ये ती सवलत संपली.

कराचा परिणाम तर याहून ढळढळीत असतो. हाँगकाँगने १ एप्रिल २०१७ पासून विजेच्या गाड्यांवरची नोंदणीकराची सरसकट माफी काढून तिला मर्यादा घातली. त्या मार्चमध्ये तिथे टेस्लाच्या २९३९ गाड्या नोंदल्या गेल्या. एप्रिलमध्ये शून्य. शून्य म्हणजे अक्षरशः शून्य! एका महिन्यात अख्ख्या शहराचं पर्यावरणप्रेम आटलं असं कोणी म्हणेल का? नेदरलँडमध्ये २०१३ च्या अखेरीला मित्सुबिशीची आउटलँडर प्लग-इन हायब्रिड खपाच्या यादीत पहिल्या नंबरावर जाऊन बसली, कारण कंपनीच्या गाडीच्या खाजगी वापरावरची पूर्ण करमाफी त्या डिसेंबरबरोबर संपणार होती. ब्रिटनमधल्या एका सल्लागार संस्थेने २०१८ साली सांगितलेला किस्सा तर प्रसिद्धच आहे : कंपन्यांनी घेतलेल्या प्लग-इन गाड्यांपैकी काही परत आल्या तेव्हा चार्जिंगची केबल अजून मूळ प्लॅस्टिकच्या वेष्टणातच होती. अनुदान घेतलं, करसवलत घेतली, आणि गाडी आयुष्यभर पेट्रोलवर पळवली. विक्रीच्या आलेखात मात्र ती 'प्लग-इन' म्हणूनच मोजली गेली.

हे नुसते किस्से म्हणून सोडून देता येत नाहीत. युरोपियन कमिशनने मार्च २०२४ मध्ये एक अहवाल दिला. २०२१ साली नोंदलेल्या गाड्यांमध्येच बसवलेल्या मीटरवरून प्रत्यक्ष किती इंधन जळलं ते त्यांनी काढलं. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा धूर कागदावरच्यापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त निघाला, जे अपेक्षितच होतं. प्लग-इन हायब्रिडचा निघाला साडेतीन पट. त्याआधी २०२० साली आयसीसीटीच्या अभ्यासात असं दिसलं होतं की खाजगी मालकांच्या प्लग-इन हायब्रिड सुमारे ३७ टक्के अंतर विजेवर जातात, कंपनीच्या गाड्या जेमतेम २० टक्के. कारण सोपं आहे. कंपनीच्या गाडीत पेट्रोल कंपनीचं असतं आणि वीज घरची.

चीनचं उदाहरण दिल्याशिवाय ही चर्चा हल्ली पूर्ण होत नाही, तेव्हा तेही घ्या. २०२४ साली चिनी कारखानदारांनी निर्यात धरून सुमारे ७७ लाख निव्वळ बॅटरीच्या आणि ५१ लाख प्लग-इन हायब्रिड गाड्या विकल्या. प्लग-इनची वाढ बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त होती. पण तिथे २०२५ अखेरपर्यंत खरेदीकर माफ होता, आणि शांघायमध्ये साधी नंबरप्लेट मिळवायला लिलावात नव्वद हजार युआनच्या घरात मोजावे लागायचे तेव्हा प्लग-इनला हिरवी पाटी फुकट मिळायची. १ जानेवारी २०२३ पासून शांघायने प्लग-इनची ही सोय बंद केली, निव्वळ बॅटरीची ठेवली. आता ही कारणं दुबईत लागू आहेत का? नाहीत. गाड्या मात्र त्याच चिनी कारखान्यांतून इथल्या शोरूममध्ये येतात आणि विकणारा तोच आलेख दाखवतो.

आपल्या देशातही वेगळं काही नाही. एप्रिल २०१५ मध्ये फेम योजना आली आणि मारुतीच्या सियाझ डिझेलसारख्या माइल्ड हायब्रिडलाही तेरा हजार रुपये सवलत मिळायला लागली. रस्त्यावर एकदम बिल्लेच बिल्ले दिसायला लागले. १ एप्रिल २०१७ ला ती सवलत गेली, जुलैमध्ये जीएसटी आला आणि मोठ्या हायब्रिडवर कर व अधिभार मिळून ४३ टक्के बसले. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाडीवर पाच टक्के. पाच आणि त्रेचाळीस! एवढा फरक असताना "भारतीय ग्राहकाने हायब्रिड नाकारली" असले मथळे लिहिणाऱ्यांची मला कमाल वाटते. तरीसुद्धा २०२२ नंतर ग्रँड विटारा, हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस यांच्या हायब्रिडना गिऱ्हाईक मिळालं, कारण लोकांनी ॲव्हरेजचा हिशेब स्वतः केला. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलानंतर छोट्या हायब्रिडवर १८ टक्के आणि मोठीवर ४० टक्के आहेत. विजेची पाचवरच. महाराष्ट्रात मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्याअखेर मागेही घेतला गेला. मग त्याच वर्षीच्या नव्या धोरणात विजेच्या गाड्यांना समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतूवर टोलमाफी आली. पुण्यात दर आठवड्याला मुंबईला जाणाऱ्या माणसाने टोलचे पैसे बघून विजेची गाडी घेतली तर त्यात गैर काहीच नाही. फक्त ते टोलचं गणित आहे, हे लक्षात असावं.

आता आपल्या दारात येऊ. मी मुहैस्नाहमध्ये राहतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : दुबईचं हे शारजाला चिकटलेलं टोक. एका बाजूला कुसैस, एका बाजूला मिर्दिफ. मुहैस्नाह २ म्हणजे कामगारांच्या वसाहती, ज्याला सगळे सोनापूर म्हणतात. (मुंबईत वाढलेल्या माणसाला सोनापूर म्हटलं की मरीन लाइन्सचं स्मशान आठवतं. इथे पहिल्यांदा कोणी "सोनापूरला चाललो" म्हणालं तेव्हा मी दचकलोच होतो.) मुहैस्नाह ४ मध्ये आमच्यासारखे पगारदार, चार-पाच मजली इमारती, खाली लुलू, शाळेच्या बसेस. रस्ता ओलांडून मिर्दिफमध्ये व्हिला, प्रत्येकाच्या फाटकाआड दोन-दोन गाड्यांची जागा.

दुबईतही रेघ वरच आहे. २०२२ च्या अखेरीला इथे सुमारे १५ हजार विजेच्या गाड्या होत्या, २०२३ च्या अखेरीला जवळपास २६ हजार. छान. पण त्यामागची पायरी-पायरी बघा. १ ऑगस्ट २०१५ ला अमिरातींनी पेट्रोलवरची सबसिडी काढली आणि स्पेशल ९५ चा भाव लिटरला १.७२ दिरहमवरून २.१४ वर गेला. २०२१ अखेरपर्यंत 'देवा'च्या सार्वजनिक चार्जरवर खाजगी गाड्यांना वीज फुकट होती. जुलै २०२० ते जुलै २०२२ दुबईत नोंदलेल्या विजेच्या गाड्यांना आरटीएचं पार्किंग फुकट होतं. आणि फुकट संपता संपता, जुलै २०२२ मध्ये, स्पेशल ९५ ने ४.५२ दिरहम गाठले. त्या महिन्यात टाकी भरताना प्रत्येकाने मनातल्या मनात गाडी बदलली असेल!

आज फुकट काही उरलेलं नाही. यूएईव्ही या सरकारी चार्जिंग कंपनीचा जानेवारी २०२५ पासूनचा दर असा : फास्ट चार्जरवर युनिटला १.२० दिरहम, स्लोवर ७० फिल्स, वर पाच टक्के व्हॅट. आणि घरच्या मीटरवर देवाचा सगळ्यात खालचा स्लॅब २३ फिल्स, इंधन अधिभार धरून तीस फिल्सच्या आसपास. आता वहीत आकडे मांडा. एसी लावून चालणारी विजेची मध्यम गाडी शंभर किलोमीटरला १८ युनिट खाते असं धरू. मिर्दिफच्या व्हिलात राहणाऱ्याला ते शंभर किलोमीटर पडतात साधारण साडेपाच दिरहमला. स्लो सार्वजनिक चार्जरवर सव्वातेरा दिरहम. फास्ट चार्जरवर पावणेतेवीस. आणि साधी हायब्रिड सेडान, जी शंभर किलोमीटरला पाच लिटर पिते? २०२५ साली स्पेशल ९५ अडीच दिरहमच्या आसपास होतं, म्हणजे साडेबारा दिरहम. नुसत्या पेट्रोलची तशीच गाडी आठ लिटर पिईल, म्हणजे वीस.

हे आकडे मी दोन-तीनदा तपासले, कारण माझाही विश्वास बसेना. तीच गाडी, तीच वीज, तेच शहर, आणि मालकाच्या घराला अंगण आहे की नाही एवढ्यावरून खर्च चौपट. ज्याला अंगण नाही आणि फास्ट चार्जरवर अवलंबून राहायचंय, त्याला विजेची गाडी साध्या पेट्रोल गाडीहूनही महाग पडते, हायब्रिडचं तर सोडाच. पेट्रोल पुन्हा २०२२ च्या जुलैइतकं चढलं तर कुठे हायब्रिड आणि फास्ट चार्जर समान पातळीवर येतील.

प्लग-इन हायब्रिडची गत याहून विचित्र. दीड-दोनशे किलोची जास्तीची बॅटरी घेऊन ती फिरते, तेव्हा विजेवर शंभर किलोमीटरला वीस-बावीस युनिट आणि बॅटरी रिकामी असताना सहा लिटर धरू. स्लो चार्जरवर पंधरा-सोळा दिरहम, पेट्रोलवर पंधरा. मग कुठला शहाणा माणूस ऑगस्टच्या उन्हात केबल काढून चार्जरपाशी तीन तास ताटकळत बसेल? तो सरळ पंपावर जाईल. घरी सॉकेट असेल तर हीच गाडी सोन्यासारखी आहे, सहा-सात दिरहमात शंभर किलोमीटर, आणि लांबच्या प्रवासाची चिंता नाही. म्हणजे गाडी चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा.

हे सगळं लिहायचं तातडीचं कारण सांगतो. आमच्याच मजल्यावर राहणारा साताऱ्याचा एक मित्र प्लग-इन हायब्रिड बुक करायच्या बेतात आहे. वीस टक्के पदरचे, बाकीचं साठ महिन्यांचं कर्ज. इथल्या सेंट्रल बँकेच्या नियमानुसार याहून जास्त कर्ज मिळतही नाही आणि याहून लांब मुदतही नाही. नोकरी कंत्राटी, दर दोन वर्षांनी नूतनीकरण. मुलीचं बारावीचं वर्ष दोन वर्षांवर आलंय, तिला पुण्याला पाठवायचं की इथेच ठेवायचं ते ठरत नाहीये. अशा माणसाने पाच वर्षांचा हप्ता अंगावर घ्यायचा तो आलेख बघून? त्याच्या गाडीची बॅटरी भरणार कुठे, हे मी विचारलं. तो म्हणाला, "खाली बेसमेंटमध्ये सॉकेट आहे ना!"

आहे. खांबाला एक सॉकेट आहे, फरशी धुण्याच्या मशीनसाठी. मी आमच्या इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्या कंपनीला दोनदा लिहून विचारलं होतं की भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर ओढून घेतली तर चालेल का. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं : मालकाची परवानगी आणा. मालकाच्या एजंटने सांगितलं : व्यवस्थापनाची परवानगी आणा. मध्यंतरी वॉचमनने त्या सॉकेटवर पत्र्याचं झाकण लावून कुलूप घातलंय, त्यामुळे आता फरशीही हातानेच धुतली जाते. असो. त्यांचा दोषही पूर्ण नाही. बेसमेंटमध्ये पन्नास गाड्या एकदम चार्ज करायला इमारतीचा ट्रान्सफॉर्मर तेवढ्या ताकदीचा लागतो, आगीच्या नियमांचा प्रश्न येतो, आणि भाडेकरू उद्या सोडून गेला तर भिंतीतली वायर कोणाची, हाही वाद आहेच. पण हे वाद सोडवणं कोणाचंच काम नाही असं झालंय, आणि त्याचा भुर्दंड भाडेकरूवर.

आपल्यासारख्यांना आणखी एक गोष्ट मोजावी लागते, ती म्हणजे निघायचा दिवस. नोकरी संपली की हातात थोडे दिवस असतात, त्यात घर, शाळा, बँक आणि गाडी, सगळं उरकायचं. अवीरच्या बाजारात जुनी कॅमरी घेऊन गेलात तर डोळे झाकून गिऱ्हाईक मिळतं, कारण ती घेणाऱ्यालाही सॉकेट लागत नाही. प्लग-इन घेणारा आधी बॅटरीची तब्येत विचारतो, मग वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का ते विचारतो, मग भाव पाडतो. अमेरिकेत हिरवं कार्ड असलेल्या किंवा पुण्यात स्वतःचा बंगला असलेल्या माणसाचं आणि आपलं गणित इथेच फारकत घेतं.

आता आलेखाची दुसरी बाजू, जिच्याबद्दल मला मनापासून कौतुक आहे. या शहरात हायब्रिडची खरी क्रांती झाली ती टॅक्सीत. आरटीएने २००८ साली हायब्रिड टॅक्सीची चाचणी सुरू केली, म्हणजे इथे बहुतेकांना हायब्रिड हा शब्द माहीत नव्हता तेव्हा. मग २०२१ पर्यंत निम्म्या टॅक्स्या हायब्रिड करायच्या असं ठरवलं, २०२२ साली हा वाटा सुमारे ७२ टक्क्यांवर गेला, आणि २०२७ पर्यंत सगळ्या टॅक्स्या हायब्रिड, विजेच्या किंवा हायड्रोजनच्या करायच्या असं लक्ष्य आहे. कोणाला आलेख दाखवावा लागला नाही, कोणाच्या हौसेवर सोडलं नाही. रोज दोन पाळ्यांत चारशे किलोमीटर धावणारी टॅक्सी धरा : वर्षाला दीड लाखाच्या आसपास किलोमीटर. शंभराला तीन लिटर वाचले तरी चार हजारांहून जास्त लिटर. माझ्यासारखा वर्षाला वीस हजार किलोमीटर चालवणारा वाचवणार सहाशे. म्हणजे एक टॅक्सी बरोबर सात खाजगी गाड्या. पण वार्षिक विक्रीच्या आकड्यात टॅक्सी एक आणि माझी गाडीही एक! विक्रीचा आलेख गाड्या मोजतो, किलोमीटर मोजत नाही. मिर्दिफच्या व्हिलात तिसरी गाडी म्हणून घेतलेली आणि आठवड्यातून एकदा निघणारी विजेची गाडी त्यात तेवढीच उंच दिसते.

आणि हायब्रिड जिथे सगळ्यात जास्त कमावते ते ठिकाण आपल्या रोजच्या ओळखीचं आहे. सकाळी सात वाजता शारजाच्या नॅशनल पेंट्सपासून मुहैस्नाहपर्यंत शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर जी रांग लागते, तिथे साधी गाडी एका जागी उभी राहून एसीसाठी पेट्रोल जाळत असते. हायब्रिडचं इंजिन बंद असतं, एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो, इंजिन मधूनच थोडा वेळ सुरू होऊन बॅटरी भरतं आणि परत गप्प बसतं. टॅक्सीवाल्यांना विचारा. परवाच एक पेशावरकडचा चाचा मला सांगत होता की पूर्वी पाळी संपताना पेट्रोलचा हिशेब बघून पोटात गोळा यायचा, आता येत नाही. आलेखापेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास आहे.

(ता.क.सारखं मधेच : मुहैस्नाहमधल्या बहुसंख्य लोकांच्या नावावर कुठलीच गाडी नाही. पहाटे साडेचारला सोनापूरहून कामगारांच्या बसेस निघतात, डिझेलच्या. त्या बसेस बदलल्या तर आमच्या इमारतीतल्या सगळ्या गाड्यांपेक्षा जास्त फरक पडेल. पण बसचा आलेख कोणी पाठवत नाही.)

मग माझं म्हणणं काय? भारतात बसलेल्या भावाला मी सांगितलंय की सोसायटीच्या सभेत स्वतःच्या पार्किंगवर स्वतःच्या मीटरची वायर मंजूर करून घे, ठराव इतिवृत्तात लिहून घे, आणि मगच रांजणगावची नेक्सॉन की चाकणची महिंद्रा यावर डोकं खाजव. मंजुरी नाही मिळाली तर हायब्रिड. इथल्या मित्रालाही तेच. साधी हायब्रिड घे, शक्यतो दोन-तीन वर्षं वापरलेली, कर्ज तीन वर्षांत फिटेल एवढंच. एजारी नूतनीकरणाची वेळ येईल तेव्हा करारात पार्किंगच्या सॉकेटचं कलम माग. भाडं वाढवायला मालक जसा हक्काने येतो तसंच आपणही काहीतरी मागावं. दहा भाडेकरूंनी लेखी मागितलं तर एजंटला उत्तर द्यावं लागेल, एकट्याला टोलवता येतं.

आणि सरकारी खात्यांकडून मला एकच आकडा हवाय. दुबईत विजेच्या गाड्या किती झाल्या तो मिळतोच. भाड्याच्या इमारतींतल्या किती पार्किंगच्या जागांवर भाडेकरूच्या मीटरला जोडलेलं सॉकेट आहे, तो द्या. तो आकडा चढायला लागला की माझ्या मित्राने खुशाल प्लग-इन घ्यावी, पेढे मी वाटीन :)

तुमच्यापैकी कोणी भाड्याच्या इमारतीत असं सॉकेट प्रत्यक्ष मिळवलं असेल, दुबई, शारजा, दोहा, सिंगापूर, न्यू जर्सी, कुठेही, तर कृपया सविस्तर लिहा : परवानगी कोणी दिली, किती महिने लागले, वायरिंगचा खर्च कोणी केला आणि युनिटचे पैसे कोणाच्या बिलात येतात. मित्राचं बुकिंग पुढच्या गुरुवारपर्यंत थांबवून ठेवलंय.

कळावे,
एक मुहैस्नाहकर